गावातल्या प्रेमाला गावातच राहू द्या : मराठी कादंबऱ्यांच्या प्रकाशकांना आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी कादंबऱ्या प्रकाशित करणारे सर्व प्रकाशक आणि त्यांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी वाईला राहते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि त्यानंतर गावातल्या काही जणींना गोळा करून पुस्तक भिशी सुरू केली. आज आम्ही १४ जणी आहोत. दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये जमतात, जिची चिठ्ठी निघते ती त्या २,८०० रुपयांत आपल्या आवडीची पुस्तके आणते, आणि ती पुस्तके मग वर्षभर चौदा घरांतून फिरतात. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे आम्ही एक कोरा कागद चिकटवतो. ज्या घरातून पुस्तक पुढे जाते, त्या घराने त्या कागदावर आपले मत तारीख घालून लिहायचे, एवढाच भिशीचा नियम आहे. गेल्या काही वर्षांत ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांतल्या बऱ्याच जणींनी एकाच जातीची पुस्तके निवडली : लहान गावात घडणाऱ्या, आजच्या काळातल्या प्रेमकथा. हे पत्र मी त्या चिकटवलेल्या कागदांवरून लिहीत आहे. त्यातली मते चौदा जणींची आहेत, मांडणी माझी आहे.

सुरुवातीलाच सांगते की या कादंबऱ्या आम्ही मनापासून वाचतो. प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांकडे मराठीत पूर्वीपासून जरा खालच्या नजरेने पाहिले गेले आहे. ना. सी. फडके १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तरी त्यांच्या कादंबऱ्या उशीखाली ठेवून वाचाव्या लागत, असे माझी आई सांगायची. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत वाचनालयांची कपाटे ज्या लेखिकांच्या कादंबऱ्यांनी भरली, त्यांची नावे समीक्षेच्या ग्रंथांत शोधावी लागतात, पण त्या पुस्तकांच्या पाठीमागच्या तारखेच्या चिठ्ठ्या शिक्क्यांनी गच्च भरलेल्या असत. मराठी विश्वकोशाचे खंड ज्या गावात तयार झाले, त्या गावात आम्ही राहतो आणि प्रेमकथाही वाचतो. या दोन्हींत आम्हाला कधी विरोध वाटला नाही. म्हणून आमची तक्रार प्रेमाबद्दल नाही. ती गावाबद्दल आहे.

या कादंबऱ्यांतले गाव आम्हाला ओळखू येत नाही. नदी असते, घाट असतो, देवळामागे चाफा असतो, एक मोठा वाडा असतो. नायक पुण्याहून किंवा परदेशातून त्या वाड्यात परत येतो, कारण शहरात त्याचे मन मोडलेले असते. नायिका तिथल्या शाळेत शिक्षिका असते, किंवा आजीजवळ राहून लोणची-पापडांचा उद्योग करत असते. पहिल्या पावसात दोघे भेटतात. आमच्या एका कागदावर एकीने लिहिले आहे : ‘हा मुलगा गावात आला, पण गाव कुठे आहे?’ तिच्याखाली पाच जणींनी नुसत्या सह्या केल्या आहेत.

वाई चित्रपटवाल्यांना फार आवडते, हे आपणास माहीत असेलच. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर, जिथे चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे, तिथे कितीतरी चित्रीकरणे झाली. कॅमेऱ्याला घाट दिसतो तेवढाच पुरतो, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण कादंबरीकाराला आत जाता येते. त्याला पात्रांच्या स्वयंपाकघरात, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर बसता येते. अशी सोय हाताशी असताना लेखक घाटाच्या वरच्या पायरीवर उभा राहून नदीचे वर्णन करतो आणि निघून जातो, तेव्हा आम्हाला वाईट वाटते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या कृष्णेचे पात्र रोडावते आणि पाण्याला वास येतो. त्या दिवसांतही गावात माणसे प्रेमात पडतात.

वाड्याचे उदाहरण थोडे सविस्तर सांगते, कारण त्यावर आमची एक पूर्ण संध्याकाळ गेली होती. आमच्यातली एक जण नगरपालिकेत घरपट्टीच्या वसुलीवर आहे. आम्ही वाचलेल्या एका कादंबरीत नायक आजोबांचा वाडा दुरुस्त करून तिथे पाहुण्यांसाठी निवास सुरू करतो आणि हे सारे पावसाळा संपायच्या आत उरकते. ती म्हणाली, ‘मॅडम, याच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत?’ मग ती एकेक प्रश्न विचारत गेली. आत्यांची हक्कसोडपत्रे झाली आहेत का? खालच्या दोन खोल्यांतला जुना भाडेकरू कुठे गेला? मुंबईच्या काकांची सही कुणी आणली? हे ऐकताना आमच्यातल्या बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर आपापल्या घरचे वाडे आले. आणि तिने शेवटी जे सांगितले ते मला फार मोलाचे वाटते. ती म्हणाली की सह्यांसाठी चार वर्षे हेलपाटे घालणारा तो मुलगा आणि दर वेळी खिडकीआड त्याला भेटणारी नगरपालिकेतली मुलगी, ही खरी कादंबरी आहे, आणि ती लिहायला कुणी आलेच नाही.

दुसरा मुद्दा भेटण्याच्या जागेचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. लहान गावातल्या प्रेमाची पहिली अडचण नकार ही नसते, जागा ही असते. आमच्याकडे मुलगी वळणावर दिसली की ‘कुणाची गं तू?’ हा प्रश्न येतो. गंगापुरीत घडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत रामडोह आळीत पोचते. असे असताना या कादंबऱ्यांतले नायक-नायिका पुस्तकांच्या दुकानाला जोडलेल्या एका छानशा कॅफेत तासन् तास बसतात, मालक त्यांना कॉफी आणून देतो, कुणी वळून पाहत नाही. माझी एक विद्यार्थिनी न्यू जर्सीला असते. ती तिथल्या लहान गावांवरच्या प्रेमकथांच्या मालिका वाचते, आणि तिने मला सांगितले की तिकडच्या पुस्तकांत बेकरी, कॅफे, पुस्तकांचे दुकान या ठरलेल्या जागाच असतात. तिकडे ते खरे असेल, निदान तिकडच्या वाचकांना ते हवेसे वाटत असेल. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावात कॅफे म्हणजे काय असते, हे आमच्या मुलींना विचारा. पडदे आणि आडोसे लावलेल्या कॅफेंवर पोलिसांच्या कारवाया होतात, पालक तिथून मुलींना ओढून घरी आणतात, आणि त्या मुलींचे शिक्षण तिथेच थांबते. कॅफे लिहायचाच असेल तर हा लिहावा.

आणि जागा नाहीत असेही नाही. आमच्या भिशीत एसटीच्या वाहक असलेल्या एक बाई आहेत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि त्यांच्या सांगण्यानुसार त्या दिवसापासून त्यांची गाडी बदलली. ज्या मुलींना घरून ‘रोज साताऱ्याला जायला पैसे कुठून आणायचे’ असे उत्तर मिळायचे, त्या आता क्लासला, कॉलेजला, कामाला जाऊ लागल्या. त्यांनी आम्हाला एका जोडीबद्दल सांगितले, ते मी जसेच्या तसे इथे लिहिते. मुलगी वाईच्या स्थानकावर चढते, खिडकीशी बसते आणि ‘साताऱ्याचं अर्धं’ मागते. मुलगा पाचवडला चढतो. शेजारी जागा असली तरी तो तिच्या शेजारी बसत नाही, एक बाक सोडून मागे बसतो. साताऱ्यापर्यंत दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. उतरायच्या आधी ती केसांची क्लिप काढून पुन्हा लावते, तेवढेच. ‘वर्ष झालं मी बघतीया,’ त्या म्हणाल्या, ‘परवा तो पाचवडला नव्हता, तर तिनं माझ्याकडं बघितलं.’

संपादक महोदय, आम्ही त्या दिवशी पुढचे काही बोलू शकलो नाही. नजरानजर, पाऊस आणि ओघळणारा चाफा यांवर शंभर पाने खर्च करणाऱ्या लेखकाने या बाईंच्या गाडीतून आठ दिवस प्रवास करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अशीच दुसरी जागा अभ्यासिका ही आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आता तालुक्या-तालुक्यात आहेत. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मुले-मुली लाकडी फळीने वेगळ्या केलेल्या टेबलांवर शेजारी शेजारी बसून असतात. वयाची पंचविशी, अठ्ठाविशी तिथेच उलटते. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, निकाल, पुन्हा अर्ज, आणि घरून दर सणाला येणारा लग्नाचा विषय. तिथे जे प्रेम जमते त्याला परीक्षेच्या वेळापत्रकाची मुदत असते : तिची निवड झाली आणि त्याची झाली नाही, तर काय होईल, हे दोघांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. माझ्या स्वतःच्या तीन-चार विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे घडलेले मी पाहिले आहे. आम्ही आणलेल्या कादंबऱ्यांत अभ्यासिका एकदाही आली नाही.

आता आडनावांविषयी. या पुस्तकांतल्या नायक-नायिकांना आडनावे नसतात. अनिकेत असतो, सायली असते, फार तर ‘देशमुख वाडा’ असतो. भिशीतल्या सर्वांत धाकट्या सदस्येने, ती ब्युटी पार्लर चालवते, एका कागदावर लिहिले आहे : ‘आडनाव लपवलं की गोष्ट सोपी होते.’ तिचे स्वतःचे लग्न आंतरजातीय आहे, आणि तिने परवानगी दिली म्हणून सांगते. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. त्याखाली लग्न करायचे तर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. त्या तीस दिवसांत कोणीही ओळखीचा माणूस कामासाठी त्या कार्यालयात येऊ शकतो. तिने ते तीस दिवस कसे काढले, ते ती सांगत असताना आमच्या घरातला पंखासुद्धा मोठ्याने वाजतो आहे असे वाटले. दररोज सकाळी उठून नेहमीसारखा डबा भरायचा, नेहमीसारखे बोलायचे, आणि फोन वाजला की आईच्या चेहऱ्याकडे पाहायचे. हे तीस दिवस म्हणजे कादंबरीची तीस प्रकरणे आहेत. जातीबद्दल भाषण नको आहे आम्हाला. फक्त आडनाव लिहा आणि मग त्या दोघांचे काय होते ते प्रामाणिकपणे बघा.

लग्नाच्या बाजाराबद्दलही थोडे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या-बाशिंगे बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. त्या बातमीवर पुष्कळ लोक हसले. आमच्या आसपासच्या गावांत तिशी ओलांडलेले, पाच एकर बागायती असलेले, कर्ज नसलेले, सरळ स्वभावाचे मुलगे बिनलग्नाचे आहेत, कारण मुलींना आणि मुलींच्या आयांना शेतात राबणारे घर नको आहे. मुलींचेही चुकत नाही. त्यांनी आपल्या आईला पहाटे धारा काढताना आणि रात्री भाकरी थापताना पाहिलेले असते. शेतात हळद लावणाऱ्या मुलाने आणि नर्सिंग झालेल्या मुलीने एकमेकांना पसंत केले, तर ते राहतील कुठे, गोठ्याचे काय, सासूचे काय, तिच्या रात्रपाळीचे काय? या प्रश्नांतून जे प्रेम वाट काढेल ते आम्हाला वाचायचे आहे. कादंबरीतला शेतकरी नायक मात्र नेहमी परदेशात शिकून आलेला आणि सेंद्रिय शेती करणारा असतो.

भाषेबद्दल मी शिक्षिका म्हणून लिहिते. साताऱ्याकडच्या गावात घडणाऱ्या एका कादंबरीत घरकाम करणाऱ्या मावशी ‘काय करून राहिली’ म्हणतात, जे वऱ्हाडातले आहे, आणि त्याच मावशी पुढच्या पानावर ‘काय करायलीस’ म्हणतात, जे मराठवाड्याकडचे आहे. नायिका मात्र दूरदर्शनवरच्या बातम्यांसारखे बोलते. आमच्याकडे शिकलेली मुलगी कार्यालयात एक बोलते, आईशी एक बोलते आणि मैत्रिणीशी तिसरे बोलते, आणि प्रियकराशी यांतले कोणते बोलायचे हे तिला ठरवावे लागते. पहिल्यांदा ती त्याच्याशी घरचे बोलते, तो क्षण किती मोठा असतो! तो टिपायला बोलीचा कान हवा. लेखकाला तो नसेल तर संपादकाने त्या भागातल्या एखाद्या माणसाकडून संवाद वाचून घ्यावेत.

संपादकाचा विषय निघालाच आहे, तर एक अनुभव सांगते. एका पुस्तकात ४१ व्या पानावर नायिकेची आई वारलेली आहे, आणि ११८ व्या पानावर ती उकडीचे मोदक करते. आधी आम्हाला वाटले की काही आठवणीचा प्रसंग असेल, म्हणून तिघींनी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. मी त्या प्रकाशनाला सविस्तर पत्र लिहिले, उत्तर आले नाही. सहा महिन्यांनी त्याच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली, आणि त्यातही ती बाई मोदक करतेच आहे. कुठले प्रकाशन ते मी लिहिणार नाही, कारण मला कुणाला खाली पाहायला लावायचे नाही. पण असा निष्काळजीपणा चरित्रात किंवा ऐतिहासिक कादंबरीत चालला असता का? प्रेमकथा वाचणाऱ्या बाईच्या ते लक्षात येणार नाही, असे कुठेतरी गृहीत धरलेले असते, आणि ते आम्हाला लागते. ज्या घरात ३८० रुपयांचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी गॅस सिलिंडरचा विचार करावा लागतो, त्या घरातली वाचक प्रत्येक पान वाचते.

आता शेवटांविषयी लिहायचे आहे. ते लिहिण्यासाठीच खरे तर हे पत्र मी मनात घेतले. आमच्या कागदांवर सर्वाधिक वेळा आलेले वाक्य ‘शेवट पटला नाही’ हे आहे. या कादंबऱ्यांचे शेवट दोनच प्रकारचे आढळतात. एक तर दोघांपैकी कुणीतरी मरते. नाहीतर दोघे गाव सोडतात, पुण्याला किंवा बंगळुरूला जातात आणि शेवटच्या परिच्छेदात गावाची आठवण काढतात. परत आलेला नायकसुद्धा निम्म्या पुस्तकांत तिला घेऊन निघून जातो. या दोन्ही शेवटांचा अर्थ आमच्या मते एकच होतो : या गावात प्रेम राहू शकत नाही. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर सदस्या निवृत्त परिचारिका आहेत, त्यांचा १९७८ साली इथेच प्रेमविवाह झाला. त्या म्हणाल्या, ‘आम्ही इथंच राहिलो. त्याच आळीत. वर्षभर माझ्याशी कुणी बोललं नाही, मग कृष्णाबाईच्या उत्सवात एका बाईनं पानात भात वाढताना विचारलं, अजून घेतेस का. त्या दिवसापासून बोलायला लागल्या.’ मी तीस वर्षांहून अधिक काळ कथा-कादंबऱ्या शिकवल्या, पण एका वाक्याने माणसाला गावात परत घेतल्याचे असे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आम्हाला खोटा सुखान्त नको आहे. जिथे मुलीला मारले जाते तिथे ते लिहिलेच पाहिजे, ते लपवणे पाप होईल. परंतु जी जोडपी राहिली, ज्यांना गावाने आधी टाकले आणि मग हळूहळू, उत्सवात, दवाखान्यात, मुलाच्या शाळेच्या दाखल्याच्या वेळी पुन्हा आपल्यात घेतले, त्यांचीही गोष्ट खरीच आहे. ती लिहायला अवघड आहे, कारण त्यात एकच मोठा प्रसंग नसतो, वीस वर्षे असतात.

वयाबद्दलही एक विनंती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र तोडायचे नाही, असे गावसभेने ठरवले. त्यानंतर त्या गावांतल्या बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बाईच्या आयुष्यात कुणी आले, तर ती काय करते? मुलगा कॉलेजात आहे, दीर शेजारी राहतो, आणि गणपतीत हळदीकुंकवाला तिला पहिल्यांदाच बोलावणे आले आहे. आमच्या चौदांत तिघी विधवा आहेत. त्यांनी हा विषय काढला तेव्हा त्या हळू आवाजात बोलल्या, म्हणून मी तो इथे मोठ्या अक्षरांत लिहिते.

अमेरिकेतल्या त्या मालिकांतली एक गोष्ट मात्र आपण जरूर घ्यावी असे मला वाटते. तिथे एकाच गावावर दहा-दहा पुस्तके निघतात, आणि पहिल्या पुस्तकात दारात उभी असलेली शेजारीण चौथ्या पुस्तकाची नायिका होते. आपल्या तालुक्याच्या गावाला हा आकार फार शोभेल, कारण इथे कुणाचीच गोष्ट एकट्याची नसते. एखाद्या प्रकाशनाने चार लेखिकांना मिळून एकच गाव द्यावे : एकीने बाजार समिती लिहावी, एकीने आगार, एकीने ग्रामीण रुग्णालय, एकीने अभ्यासिका. पहिल्या पुस्तकातली वाहक दुसऱ्या पुस्तकातल्या नायिकेला तिकीट देईल. आमची भिशी अशा मालिकेची आगाऊ नोंदणी करील, आणि कराड, फलटण, कोरेगावला आमच्या ओळखीच्या ज्या भिशा आहेत त्यांनाही मी स्वतः सांगेन.

यापुढे लहान गावातली कादंबरी आपल्याकडे आली, तर छापण्यापूर्वी तिची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. आमच्यापैकी तिघी ती महिन्याभरात वाचतील. घरपट्टीवाली वाड्याचे कागद तपासेल, वाहक बाई गाड्यांच्या वेळा आणि थांबे बघतील, मी संवाद आणि शुद्धलेखन बघेन. याचे आम्हाला काही मानधन नको. प्रत परत पाठवताना आम्ही तिच्या शेवटच्या पानामागे आमचा कागद चिकटवू, तो मात्र लेखकापर्यंत पोचवावा.

पुढच्या महिन्याची चिठ्ठी वाहक बाईंची निघाली आहे. पुस्तके आणायला त्या सुटीच्या दिवशी साताऱ्याला जाणार आहेत, आणि काय आणू म्हणून त्यांनी मला विचारले. या वेळी कोणत्या पुस्तकाचे नाव सांगावे, ते मला सुचलेले नाही. आपल्याकडे असे एखादे पुस्तक तयार असेल तर कृपया कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाईच्या पुस्तक भिशीतर्फे,
एक निवृत्त शिक्षिका